एफएम सिंथेसायझरमधील फीडबॅकची वाट

एफएम सिंथेसायझरमध्ये आवाज घडवणाऱ्या सर्वांत लहान घटकाला ऑपरेटर म्हणतात. एक साइन तरंग, त्याची वारंवारता ठरवणारा रेशो, कालानुसार त्याचा चढउतार ठरवणारा एन्व्हलप आणि तो किती जोराने बाहेर पडायचा हे ठरवणारी लेव्हल, एवढाच ऑपरेटरचा संसार. ऑपरेटरचे आउटपुट थेट स्पीकरकडे गेले तर त्याला कॅरिअर म्हणतात. ते दुसऱ्या ऑपरेटरच्या कलेत, म्हणजे त्याच्या तरंगाच्या त्या क्षणीच्या कोनात, मिसळले गेले तर तो मॉड्युलेटर. मॉड्युलेटर स्वतः ऐकू येत नाही. ऐकू येतो तो त्याने वाकवलेला कॅरिअर. कोणाचे आउटपुट कोणाकडे जाते, याचा ठरलेला नकाशा म्हणजे अल्गोरिदम. या नकाशातल्या जवळजवळ सगळ्या वाटा वरून खाली उतरतात. एखादीच वाट उलटी फिरते: ऑपरेटरचे आउटपुट पुन्हा त्याच्याच इनपुटात येते, किंवा खालच्याचे वरच्याकडे जाते. त्या उलट्या वाटेला फीडबॅक म्हणतात. टोन घडवणारे बहुतेक लोक फीडबॅककडे ‘किती’ या एकाच अंगाने पाहतात. प्रत्यक्षात ती वाट कुठून निघते, कुठे शिरते आणि मध्ये कोणाचा एन्व्हलप ओलांडते, हे तिच्या मात्रेपेक्षा अधिक निर्णायक ठरते.

एफएमचा मूळ शोध जॉन चाउनिंग यांचा. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६७ साली व्हायब्रॅटोवर प्रयोग करताना त्यांच्या लक्षात आले की, स्वराचे आंदोलन ऐकू येण्याइतके जलद केले की ते आंदोलन म्हणून न उरता नवा नादवर्ण बनते. १९७३ मध्ये त्यांचा निबंध छापून आला, १९७७ मध्ये पेटंट मिळाले आणि यामाहा कंपनीने त्यावर वाद्ये उभी केली. १९८३ मध्ये आलेला डीएक्स-७ हे त्यांतले सर्वांत गाजलेले वाद्य: ६ ऑपरेटर, ३२ अल्गोरिदम, एका वेळी १६ स्वर. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंतही तो लवकरच रुळला आणि त्याचा घंटेसारखा इलेक्ट्रिक पियानो त्या दशकातल्या चित्रपटगीतांतून घराघरांत पोचला. नाव एफएम असले तरी यामाहाची चिप वारंवारता बदलत नाही, कला बदलते. हा भेद फीडबॅकच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. खरोखर वारंवारताच बदलली, तर परत आलेल्या तरंगाची सरासरी शून्यापासून जराशी ढळताच स्वर चढतो किंवा उतरतो आणि वाद्य बेसूर होते. कला बदलली, तर तोच दोष फक्त तरंग किंचित मागेपुढे सरकवतो. सूर जागच्या जागी राहतो.

चाउनिंग यांच्या पद्धतीत फीडबॅक नव्हता. तो यामाहाच्या नोरिओ टोमिसावा यांनी आणला. त्यांचे अमेरिकन पेटंट १९८१ मधले. त्यामागची अडचण नेमकी होती. साध्या दोन-ऑपरेटर एफएममध्ये मॉड्युलेशनची खोली वाढवत नेली की हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतले घटक, एकसारखे वाढत नाहीत. एक वर येतो, दुसरा खाली जातो, तिसरा गायब होऊन पुन्हा उगवतो. बाजूचे घटक येऊन त्यावर पडत नसतील, तर खोली २.४ च्या आसपास पोचताच कॅरिअरच्या स्वतःच्या वारंवारतेचा अंश शून्य होतो. घंटा, धातूची भांडी, इलेक्ट्रिक पियानो यांना ही चंचलता शोभते. व्हायोलिन, तुतारी, सनई यांना ती शोभत नाही. या वाद्यांत हार्मोनिकांची उतरंड ढोबळमानाने सलग असते: पहिला मोठा, दुसरा त्याहून लहान, तिसरा आणखी लहान. कागदावर काढल्यास असा तरंग करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. साध्या एफएमने तो बेताबातानेच जमतो. ऑपरेटरला स्वतःचेच आउटपुट पुन्हा पाजले की तो एका ऑपरेटरमध्ये जमतो. टोमिसावांच्या कल्पनेची सगळी किंमत या काटकसरीत आहे.

तरंग का वाकतो, हे सहज समजण्यासारखे आहे. आउटपुट धन असताना कला पुढे ढकलली जाते, म्हणून तरंग शिखरावर लवकर पोचतो. आउटपुट ऋण असताना कला मागे खेचली जाते, म्हणून तळ उशिरा येतो. तळापासून शिखरापर्यंतची चढण आखडते, शिखरापासून तळापर्यंतची उतरण लांबते. फीडबॅकची मात्रा (कलेत परत मिसळणारा अंश, रेडियनमध्ये) १ झाली की चढण एका बिंदूवर उभ्या भिंतीसारखी होते. त्या वेळी दुसरा हार्मोनिक पहिल्याच्या सुमारे ४० टक्के, तिसरा २३ टक्के आणि चौथा १६ टक्के असतो. आदर्श करवती तरंगात हेच आकडे ५०, ३३ आणि २५ असतात. म्हणजे मात्रा १ वरचा आवाज करवतीच्या जवळचा, पण थोडा मऊ असतो. मात्रा आणखी थोडी वाढवली की भिंत दुमडू पाहते, तरंग एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी मारतो आणि आवाजाला खरी धार येते.

या तरंगाचे समीकरण खगोलशास्त्राच्या अभ्यासकाला पाहताक्षणी ओळखू येईल. आउटपुट बरोबर साइन, आणि त्या साइनच्या कोनात आउटपुटच पुन्हा बेरीज होऊन बसलेले: ज्याची किंमत काढायची तेच समीकरणाच्या दोन्ही बाजूंना. केप्लरने १६०९ मध्ये ग्रहाच्या लंबवर्तुळाकार गतीसाठी मांडलेले समीकरण अगदी याच घडणीचे आहे. तिथे जी कक्षेची विकेंद्रता, ती इथे फीडबॅकची मात्रा. बुधाच्या कक्षेची विकेंद्रता ०.२०६ आहे. तेवढाच फीडबॅक दिलेला ऑपरेटर जवळपास शुद्ध साइनच वाटतो, त्यात दुसरा हार्मोनिक कसाबसा १० टक्क्यांचा असतो. विकेंद्रता १ झाली की लंबवर्तुळ चेपून रेघ होते. फीडबॅक १ झाला की चढण उभी होते. एफएमच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ज्यांची कोष्टके असतात, ती बेसेल फलने १८२० च्या दशकात बेसेलने ग्रहगणितासाठीच पद्धतशीर मांडली होती आणि केप्लरच्या समीकरणाची उकल हा त्यांचा एक महत्त्वाचा उपयोग होता. सिंथेसायझरच्या चिपमध्ये ती परत आली, ती एका अर्थी घरीच आली.

अशा समीकरणाची उकल एका फटक्यात होत नाही. अंदाज धरायचा, तो समीकरणात घालायचा, आलेले उत्तर पुन्हा घालायचे आणि उत्तर स्थिरावेपर्यंत हे करत राहायचे. भारतीय ज्योतिर्गणितात या रीतीला असकृत् कर्म असे नावच आहे, आणि सूर्यग्रहणाच्या गणितात लंबन (पाहणाऱ्याच्या जागेमुळे दिसणारे सरकणे) काढताना ती लागते. सिद्धांतशिरोमणी हा भास्कराचार्यांचा ११५० मधला ग्रंथ ज्या परंपरेतला, तिची ही रोजची रीत होती.  संगीताच्या चिपचीही रीत तीच आहे.

फरक एवढाच की चिप स्थिरावेपर्यंत थांबत नाही. डीएक्स-७ ची चिप सेकंदाला तरंगाचे सुमारे ४९ हजार नमुने, म्हणजे क्षणोक्षणीच्या उंचीचे आकडे, काढते. प्रत्येक नमुन्याच्या वेळेत तिला १६ स्वरांचे प्रत्येकी ६, म्हणजे ९६ ऑपरेटर हिशेबात घ्यायचे असतात. गुणाकार महाग म्हणून ती साइनचे लॉगरिदम कोष्टकातून उचलते आणि बेरजेवर काम भागवते. एवढ्या घाईत एकाच नमुन्यासाठी तेच गणित पुनःपुन्हा करायला वेळ कुठला? म्हणून ती मागच्या नमुन्याचे उत्तर या नमुन्यात अंदाज म्हणून घालते आणि पुढे जाते. एका नमुन्याला असकृत् कर्माची एकच फेरी. खालच्या स्वरांत दोन नमुन्यांमध्ये तरंग फारसा सरकत नसल्याने हा आळस खपून जातो.

मात्रा १ च्या पुढे गेली की तो खपत नाही. तरंग शिखराकडून तळाकडे येताना शून्य ओलांडतो, त्या ठिकाणी ही गोष्ट स्पष्ट दिसते. तिथे आउटपुट जरा वर गेले तर पुढचा नमुना त्याला मात्रेच्या पटीत खाली ढकलतो, त्यापुढचा तेवढ्याच पटीत वर. मात्रा १ पेक्षा कमी असेल तर हे हेलकावे विरतात. १ पेक्षा जास्त असेल तर वाढत जातात, आणि एक आड एक नमुना वर-खाली उडू लागतो. आवाजात करकर शिरते. तंत्रज्ञ याला हंटिंग म्हणतात. यामाहाने काढलेला उतारा साधा आणि देखणा आहे. मागचा एकच नमुना परत पाठवण्याऐवजी मागच्या दोन नमुन्यांची सरासरी पाठवायची. एक आड एक उडणाऱ्या नमुन्यांची सरासरी शून्य येते, त्यामुळे तो हेलकावा फीडबॅकच्या वाटेवरून परत फिरूच शकत नाही. गणिताने पाहिले तर त्या बिंदूवरची स्थैर्याची मर्यादा १ वरून थेट २ वर जाते. एका बेरजेत आणि एका निम्म्यात दुप्पट मोकळीक मिळाली. पुढे एखादी करकर वाजवायची असली तरी ती वाजवणाऱ्याच्या मर्जीने वाजू लागली, चिपच्या मर्जीने नव्हे.

मात्रेचे आकडे मात्र फसवे असतात. पॅनेलवर फीडबॅक ० ते ७ असा दिसतो, आणि वाटते की ७ म्हणजे ६ पेक्षा थोडा जास्त. १९८७ च्या अ‍ॅडलिब कार्डात आणि नंतर साउंड ब्लास्टरमध्ये बसलेल्या ओपीएल-२ चिपमध्ये प्रत्येक पायरीला मात्रा दुप्पट होते. ४ वर ती १.५७ असते, ५ वर ३.१४, ६ वर ६.२८ आणि ७ वर १२.५७. सरासरीची सोय धरूनही मर्यादा २ ची, म्हणजे ४ पर्यंत करवत आणि ५ पासून पुढे उत्तरोत्तर खरखर. जुन्या संगणक खेळांतले ढोल, स्फोट आणि झांजा याच वरच्या पायऱ्यांतून आल्या. ही खरखर यदृच्छेची नव्हे. सारे गणित ठरलेलेच असते, फक्त ते कधीच स्थिरावत नाही.

आता वाटेच्या जागेकडे वळावे. डीएक्स-७ मधल्या ३२ अल्गोरिदमांना प्रत्येकी एकच फीडबॅक मिळालेला आहे. एकच का, याचे कारण चिपच्या हिशेबात आहे. ऑपरेटर ६ पासून १ पर्यंत उतरत्या क्रमाने मोजले जातात, त्यामुळे वरून खाली जाणाऱ्या वाटेला जुने काही लक्षात ठेवावे लागत नाही. उलट वाटेला मात्र १६ स्वरांपैकी प्रत्येकाचे मागचे दोन नमुने सांभाळून ठेवावे लागतात. १९८३ मध्ये तेवढी स्मृतीही जपून वापरायची चीज होती. आता या ३२ नकाशांतला फीडबॅक पुसून पाहावा. १ आणि २ एकच होतात. तसेच ३ आणि ४. ५ आणि ६. ७, ८ आणि ९. १० आणि ११. १२ आणि १३. १४ आणि १५. १६ आणि १७. पहिल्या १७ अल्गोरिदमांत मुळात सांगाडे ८ च आहेत, बाकी सगळा फरक फीडबॅक कुठे जोडला यातला. पुढे २६ आणि २७ यांचेही तेच. ज्यांनी हे वाद्य आखले त्यांनी आपल्या तुटपुंज्या जागेतला एवढा मोठा भाग एका उलट्या वाटेच्या जागेसाठी खर्च केला, यावरून तिचे मोल त्यांनी किती धरले होते ते कळते.

अल्गोरिदम १ आणि २ शेजारी ठेवले तर जागेचा अर्थ लगेच ऐकू येतो. दोन्हींत एका बाजूला चार मजली माडी आहे, ६ पासून ३ पर्यंत, आणि दुसऱ्या बाजूला २ आणि १ यांची जोडी. अल्गोरिदम १ मध्ये फीडबॅक माडीच्या शेंड्यावर, ६ वर आहे. तिथली करवत ५ ला वाकवते, ५ हा ४ ला, ४ हा ३ ला. शेंड्यावरची जराशी खडबड तीन वेळा वाढत खाली येते आणि कानाला फुंकरीचा किंवा वाऱ्याचा आवाज वाटते. अल्गोरिदम २ मध्ये तोच फीडबॅक २ वर आहे आणि त्याखाली एकच कॅरिअर. तीच मात्रा इथे भरीव, पितळी, ओळखीचा आवाज देते. आकडा तोच, रेशो तेच. एक वाट हलली आणि वाद्य बदलले. फीडबॅक थेट कॅरिअरवर जोडला तर आणखी तिसरी गोष्ट होते. अल्गोरिदम ३२ मध्ये सहाही ऑपरेटर कॅरिअर आहेत आणि फीडबॅक ६ व्यावर आहे. तिथे करवत कोणाला न वाकवता सरळ बाहेर येते. ऑर्गनचे पाच साधे स्वरनळे आणि त्यांच्या जोडीला एक पत्तीदार नळा, असे त्याचे स्वरूप.

अल्गोरिदम ४ आणि ६ यांत वाट एका ऑपरेटरची राहत नाही. ६ मध्ये ऑपरेटर ५ चे आउटपुट ६ कडे परत जाते. ४ मध्ये ऑपरेटर ४ चे आउटपुट ६ कडे जाते आणि तिथून ५ वरून पुन्हा ४ कडे. फेऱ्याची ताकद आता एका आकड्यावर ठरत नाही, फेऱ्यातल्या सगळ्या लेव्हलांच्या गुणाकारावर ठरते. मधल्या ऑपरेटरची लेव्हल दोन अंकांनी वाढवली तरी शांत आवाज अचानक खवळू शकतो, आणि प्रोग्रॅम करणारा फीडबॅकच्या आकड्याकडे पाहत राहतो, जो त्याने हलवलेलाच नसतो. फेऱ्यातल्या ऑपरेटरांचे रेशो पूर्णांकात असतील तर आवाज स्वरात राहतो. रेशो १ आणि १.४१ असे केले तर फेरा कधीच स्वतःच्या मूळ जागी परतत नाही, आणि झांजेच्या जवळचा नाद निघतो. या दोन अल्गोरिदमांत आणखी एक गुंता आहे. फीडबॅकचा उगम असलेले ४ आणि ५ हे स्वतः कॅरिअर आहेत. कॅरिअरची लेव्हल म्हणजे ऐकू येणारा आवाज. त्यामुळे आवाज कमी करायला जावे तर नादवर्णही बदलतो. मिक्सिंगच्या सवयीने लेव्हल हलवणाऱ्याला हे दोन अल्गोरिदम फार छळतात.

यातूनच एन्व्हलपचा मुद्दा येतो, आणि फीडबॅकमधला सर्वांत उपयोगाचा मुद्दा तोच आहे. परत जाणारा संकेत एन्व्हलप ओलांडून झाल्यावर उचलला जातो. ऑपरेटर जोरात असेल तेव्हा फीडबॅक भरपूर, तो विरत आला की फीडबॅकही विरतो. पितळी वाद्यांत हे निसर्गाशी जुळते, कारण तुतारी जोराने फुंकली की उजळ होते आणि हळू फुंकली की मऊ. डीएक्स-७ चा पहिलाच पॅच (साठवलेला टोन), ब्रास १, अल्गोरिदम २२ वर फीडबॅक ७ देऊन बांधलेला आहे आणि त्याचा जोम याच नात्यातून येतो. वरच्या सप्तकात फीडबॅकचे हार्मोनिक चिपच्या मर्यादेपलीकडे जाऊन उलटे खाली पडतात व बेसूर शीळ ऐकू येते. तिथेही हेच नाते कामी येते. फीडबॅकला स्वतंत्र कीबोर्ड स्केलिंग नाही, पण त्या ऑपरेटरची लेव्हल वरच्या पट्ट्यांत उतरवली की फीडबॅक आपोआप उतरतो.

मात्र जोर आणि उजळपणा यांचे नाते जिथे उलटे असते, तिथे ही सोयच आड येते. तंबोरा हे त्याचे उत्तम उदाहरण. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्या कारागिरीचा कस लागतो तो जवारीत. घोडीच्या किंचित बाकदार माथ्यावर तारेखाली सुताचा धागा सरकवून अशी जागा शोधतात की तार हलताना घोडीला सतत चाटत राहील. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच या वाद्यांच्या घोडीकडे लक्ष वेधले होते. तारेची हालचालच तिची धरण्याची जागा बदलत राहते, म्हणजे तार आपल्याच गतीला प्रतिसाद देते. परिणाम असा की तार छेडताच आवाज जोरात पण तुलनेने साधा असतो, आणि नंतर जोर ओसरत असताना वरचे हार्मोनिक फुलत जातात. वरच्या हार्मोनिकांतून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार ऐकू येतो तो या दुसऱ्या टप्प्यात.

असा आवाज एफएममध्ये बांधताना फीडबॅक कॅरिअरवर ठेवला तर सगळे उलटे होते: छेडताना झगझगीत आणि नंतर मचूळ. तो मॉड्युलेटरवर न्यावा लागतो, आणि मॉड्युलेटरला स्वतःचा सावकाश चढणारा एन्व्हलप द्यावा लागतो. अल्गोरिदम ५ मध्ये ५ आणि ६ ची जोडी घेऊन सुरुवात करता येते. दोघांचे रेशो १. कॅरिअर ५ लगेच चढणारा आणि लांबवर उतरणारा. ६ मात्र अर्ध्या-एक सेकंदात शिखरावर जाणारा, लेव्हल ७० च्या आसपास आणि फीडबॅक ६. ऐकले की आवाज फुलतो, पण फुलताना एकदम बदलतो. कारण उघड आहे. ६ चा एकच एन्व्हलप दोन कामे करतो आहे. तो चढला की ६ स्वतः करवती होतो आणि त्याच वेळी ५ ला अधिक खोल वाकवतो. दोन्ही वाढी एकमेकींवर चढतात. ती कामे वेगळी करायची तर तीन मजले लागतात. अल्गोरिदम ३ मध्ये ६ हा ५ ला आणि ५ हा ४ ला वाकवतो, आणि फीडबॅक ६ वर आहे. आता ६ चा एन्व्हलप जवळपास सपाट ठेवून जवारीचा खरखरीत पोत ठरवायचा, ५ च्या एन्व्हलपने ती केव्हा आणि किती उघडायची ते ठरवायचे आणि ४ ने तारेचा जोर सांभाळायचा. दुसऱ्या बाजूच्या ३, २, १ या मजल्यांवर बोटाचा पहिला, चटकन संपणारा आघात बसवता येतो. मिरजेचा तंबोरा यातून निघणार नाही. पण जवारी म्हणजे काय हे ज्याच्या कानाला माहीत आहे त्याला ती ओळखू येईल एवढा आवाज निघतो, आणि तो निघण्याचे श्रेय फीडबॅकच्या आकड्याला नसते, फीडबॅक आणि कान यांच्यामध्ये दोन एन्व्हलप उभे केल्याला असते.

सनईला याच्या उलट रचना मानवते: फीडबॅक लगेच, पूर्ण आणि न हलणारा. झांज, टाळ, चिपळ्या यांसाठी दोन ऑपरेटरांचा विषम रेशोचा फेरा आणि अगदी तोकडा एन्व्हलप पुरतो. त्यांच्याबद्दल याहून फार सांगण्यासारखे नाही.

डीएक्स-७ नंतर वाटा मोकळ्या होत गेल्या. १९८८ च्या सेगा मेगाड्राइव्हमधल्या चिपवर ४ ऑपरेटर आणि ८ अल्गोरिदम होते, फीडबॅक फक्त पहिल्यावर. १९८९ च्या एसवाय-७७ मध्ये यामाहाने ४५ अल्गोरिदम आणि ३ फीडबॅकांची मुभा दिली. २०१५ च्या रिफेस डीएक्समध्ये चारही ऑपरेटरांना आपापला फीडबॅक मिळाला, आणि तो एका दिशेला करवती व दुसऱ्या दिशेला चौकोनी तरंगाकडे झुकतो. चौकोनी तरंगासाठी विषम हार्मोनिकच हवेत. आउटपुट सरळ परत न पाठवता त्याचा वर्ग परत पाठवला की सम हार्मोनिक आपोआप गळतात. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या एफएम-८ या सॉफ्टवेअरने तर अल्गोरिदम ही कल्पनाच मोडून कोष्टक दिले: कोणताही ऑपरेटर कोणाकडेही, स्वतःकडेही, हव्या त्या लेव्हलने. हे स्वातंत्र्य मोठे आहे, पण त्याने ऐकण्याजोगे टोन त्या प्रमाणात वाढले असे म्हणवत नाही. कोष्टकातल्या चार-पाच घरांत उलट्या वाटा भरल्या की बहुतेक वेळा एकाच जातीची खरखर निघते, कारण गुंतलेल्या फेऱ्यांचा गुणाकार मर्यादा कधी ओलांडतो हे डोळ्यांना दिसत नाही. एक फीडबॅक, योग्य जागी, ही १९८३ ची सक्ती आजही शिस्त म्हणून पाळण्याजोगी आहे.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत आणखी एक अडचण ध्यानात ठेवावी लागते. फीडबॅक एका नमुन्याने उशिरा पोचतो, आणि नमुन्याचा काळ वाद्यागणिक वेगळा असतो. मात्रा १ च्या आत असेल तर फरक जाणवत नाही, कारण उत्तर कुठल्याही वेगाने स्थिरावतेच. खरखरीच्या प्रदेशात मात्र उत्तर कधीच स्थिरावत नसल्याने त्याचा पोत पूर्णपणे नमुन्यांच्या वेगावर अवलंबून राहतो. ४९ हजारांच्या चिपवर बांधलेली झांज ९६ हजारांवर चालणाऱ्या प्रकल्पात उघडली की ती पातळ आणि चिरकी वाटते. जुना पॅच ‘तसा’ वाजत नाही अशी तक्रार असते, त्यातल्या निदान काही भागाचे मूळ इथे आहे.

मंचावरच्या वादकालाही हे कामाचे आहे. मुंबईजवळच्या कोपर, भोपर, दिवा, डोंबिवली या पट्ट्यात हळदीच्या मांडवापासून गणेशोत्सवाच्या मंचापर्यंत कीबोर्ड आणि ऑक्टापॅड आज सर्रास दिसतात. त्यांवरची सनई, बँजो, तंबोरा हे बहुधा ध्वनिमुद्रित नमुन्यांचे टोन असतात, पेनड्राइव्हवरून भरून घेतलेले. नमुन्यांच्या टोनमध्ये मूळ वाद्य हुबेहूब असते, पण त्याचे जोर आणि उजळपणा यांचे नाते मुद्रण झाले त्या दिवशी गोठलेले असते. एफएममध्ये वाद्य हुबेहूब नसते, पण ते नाते वाजवणाऱ्याच्या हातात असते. त्यासाठी महागड्या यंत्राचीही गरज उरलेली नाही. २०१६ चा कॉर्ग व्होल्का एफएम डीएक्स-७ चेच ३२ अल्गोरिदम वापरतो. डेक्स्ड हे डीएक्स-७ ची नक्कल करणारे सॉफ्टवेअर तर फुकट मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. ज्या कीबोर्डवादकाला स्वतःचा टोन घडवायचा आहे, त्याने एखादा ब्रास पॅच उघडून अल्गोरिदम १ वर आणावा, फीडबॅकच्या आकड्याला हात न लावता १ चा २ करावा, मग ३ वर नेऊन ३ चा ४ करावा, आणि काय बदलले ते कानाने टिपून ठेवावे. फीडबॅक ० वरून ७ वर नेण्याचा धडा त्यानंतरचा आहे.